वकिलांच्या बिलातले सात दिवस

डांबरगोळ्यांचा वास आला की मला भोपाळच्या कोर्टातले आमचे वकील आठवतात. त्यांच्या काळ्या कोटाला तो वास असायचा. मिसरोदजवळ बाबा ट्रकखाली गेले, त्याची भरपाई त्यांनीच मिळवून दिली, पण त्यांचं बिल पाहून मी भडकले आणि ते तपासावं म्हणून कोर्टात अर्ज केला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून विचारलं, "वकील साहब, सोलह दिन लिखे हैं, रिकॉर्ड में पेशियाँ तो नौ ही हैं?" कोर्टाच्या तारखा खरंच नऊच झाल्या होत्या. वकिलांनी नुसतं आईकडे पाहिलं. आई कुजबुजली, "अगं, तू कॉलेजात असायचीस तेव्हा ते सात दिवस आपल्या कोटरा भागातल्या घरी आले होते, साक्षीत न रडता कसं बोलायचं ते मला शिकवायला. थांब, मी सांगते साहेबांना." ती उठू लागली, तसा मी तिचा हात घट्ट धरला आणि तिला खाली बसवलं. बिल जवळजवळ निम्मं झालं. बाहेर वकिलांनी आईला नमस्कार केला, माझ्याकडे पाहिलंही नाही. आता माझी मुलगी वकिली शिकते. ती त्या अर्जाबद्दल कौतुकाने विचारते तेव्हा मी फक्त निकाल सांगते, आणि मग पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत राहते.