मालक कोणता, ड्रायव्हर कोणता

आमच्या घरात कोरियाची मालिका शिरली ती सोयाबीनमुळे. नात बारावी होऊन घरी होती. दुपारचं जेवण झालं की मोबाइल सोयाबीनच्या कट्ट्याला, म्हणजे भरलेल्या पोत्याला, टेकवायची अन् समोर मांडी घालून बसायची. एकदा मी पाणी प्यायला उठलो, तर मोबाइलात एक बाई अंगणातले मोठमोठे रांजण पुसत होती.

नात म्हणाली, "आबा, त्यात सोयाबीन हाय. मुरवतात अन् वर्सभर खातात."

इतकी वर्षं मी सोयाबीन पेरलं, सोंगलं, विकलं. घरच्या ताटात ते कधी आलं नाही. कोणी ते रांजणात जपून ठेवतं, एवढं पाहायला म्हणून बसलो, तो बसलोच.

मालिका हिंदीतून बोलायची. ओठ मिटले तरी बोलणं चालूच राहायचं, त्याची सवय झाली. माणसं मात्र ओळखू यायची नाहीत. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. ती नावं काही तोंडात बसेनात. मग मी कपड्यांवरून खुणा धरल्या. रांजणवाली बाई, लाल स्वेटरवाली सून, अन् काळ्या कोटवाले दोघं. त्यातला एक कारखान्याचा मालक, दुसरा त्याचा ड्रायव्हर.

मालक मला आवडला. ताठ उभा राहायचा, हळू बोलायचा. रांजणवाल्या बाईने जेवायला दिलं तर सावकाश, पुरं जेवायचा. कोणी मान दिला तर घ्यायचा, नाही दिला तर त्याच्या चेहऱ्यावर काही हलायचं नाही. ड्रायव्हर तेवढा वाईट. आपण आत आलो तर कोण उठलं, कोण नाही उठलं, हेच पाहत फिरायचा, अन् कोणी नाही उठलं की आरडाओरडा.

त्याच दिवसांत अमडापूरहून पुतण्या आला, पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. अमडापूरला माझा धाकटा भाऊ राहतो, हा त्याचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी या पुतण्याच्याच मुलाचं लग्न झालं होतं. आमच्याकडे लग्न लागायच्या आधी माइकवरून एकेकाचं नाव घेतात अन् टॉवेल-टोपी देतात. नवरदेवाचा थोरला आजा म्हणून मी पुढच्या रांगेत बसलो होतो. पुढाऱ्यांची नावं झाली, सोसायटीवाल्यांची झाली, मंडपवाल्याचंसुद्धा झालं. माझं आलं नाही. मी सगळ्यांच्या देखत उठलो अन् न जेवता एसटी धरली. त्यात माझं चुकलं असं मी आजही म्हणत नाही.

तेव्हापासून दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद. भावाने निरोप धाडले. मी म्हटलं, त्याने स्वतः यावं. तोही माझ्याच बापाचा पोरगा, आला नाही.

पुतण्या म्हणाला, "मोठेबाबा, या बरं लग्नाले."

"तुह्या बापाले पाय नाहीत का?"

"गुडघे धरले हायेत त्यायचे."

"अन् माहे काय रबराचे हायेत?"

तो चहा प्याला. दारात चपला घालताना बोलला, "हे लग्न झालं का आमच्या घरचं कार्य सरलं. बाबा म्हणतात, दादा आता नाही आला, तर मंग माह्या मयतीलेच येईन."

मी म्हटलं, "पाहू." माझ्या तोंडून 'पाहू' आलं म्हणजे 'नाही', हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

त्यानंतर एका दुपारी मालिकेत मोठं जेवण होतं. लांबलचक टेबल, मोठमोठे लोक. काळ्या कोटवाल्यांतला तो वाईट आत आला, पुढची खुर्ची आपल्यासाठी राखलेली नाही असं त्याला दिसलं, अन् तो तरातरा निघून गेला. ताठ मालक भिंतीशी उभा होता तसाच उभा राहिला.

मी म्हटलं, "पाह्य बरं, ड्रायव्हर असून कसा रुसून चालला. याले कायची पुढची खुर्ची?"

नात माझ्याकडे पाहतच राहिली. "आबा, तो मालक हाय!"

"अन् भिंतीपाशी उभा हाय तो?"

"तो ड्रायव्हर. तुमाले आजवर समजलं नाही? तो त्याच्यासाठी गाडीचं दार उघडते ना!"

"मले वाटलं, मालक पाहुण्याले मान देऊन राह्यला."

"अन् सर म्हणते ते?"

"आता कंडक्टरलेही सरच म्हणतात."

ती हसून हसून आडवी झाली. तिची आई स्वयंपाकघरातून पाहायला आली, तिलाही सांगितलं. दोघी हसल्या. मग एकदम दोघींचं हसणं थांबलं अन् सून म्हणाली, "चहा ठेवते." अमडापूरचं नाव कोणी काढलं नाही.

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. मालिका खोटी, पैसे घेऊन रडणारे-हसणारे लोक, हे मला कळतं. पण रुसून निघालेल्या माणसाला नोकर कोणी ठरवलं? मीच ठरवलं होतं. कोणी शिकवलं नव्हतं. त्याच्याजवळ गाडी, कारखाना, सारं होतं, तरी आपली किंमत तो लोकांच्या तोंडावर शोधत फिरायचा. तो दुसरा आपली किंमत सोबत घेऊनच दारातून आत यायचा. अन् मी मात्र माझी किंमत अमडापूरच्या माइकवाल्याच्या हाती देऊन आलो होतो, ज्याचं तोंडही मला आठवत नाही.

लग्नाला गेलो. कोणी न्यायला आलं नव्हतं, एसटीने गेलो.

भाऊ मंडपाच्या तोंडाशीच काठी टेकून उभा होता. मला पाहिलं अन् राम राम नाही, काही नाही, घाईघाईने म्हणाला, "दादा, माइकवाल्याले सांगून ठेवलं हाय. नाव येईनच तुहं. तू उठून नको जाऊ बावा."

स्वतःच्या नातीचं लग्न, अन् हा माझी टोपी राखत उभा. सारा भार काठीवर टाकला होता. गुडघ्यांचं खोटं नव्हतं.

"जेवला का तू?" मी विचारलं.

"नवरीच्या आज्याले कोणी जेवू देते का?"

"चाल."

लग्नाला वेळ होता. मंडपातच मागे बाहेरगावच्यांची एक पंगत बसत होती, तिच्यात मी त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलं अन् शेजारी बसलो. वांग्याची भाजी वाढून झाली, तोच माइकवर आलं: नवरीच्या थोरल्या आजोबांनी स्टेजजवळ यावं. भाऊ अर्धा उठला.

"बस. पानावरून उठू नाही."

"अरे पण दादा, नाव घेऊन राह्यले ना तुहं!"

"घेऊ दे."

पुन्हा पुकारलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक बहिरट म्हातारा 'आजोबा' एवढंच ऐकून उठला, स्टेजजवळ गेला, टोपी घालून घेतली अन् लोकांना हात जोडले.

"अरे, हा तर नवरदेवाचा आजा हाय!" भाऊ म्हणाला.

"राहू दे. शोभून दिसते त्याले."

भाऊ माझ्याकडे पाहत राहिला. मी थट्टा करतो आहे की पुन्हा रुसलो आहे, ते त्याला कळेना. मी पोळी मोडली अन् भाजीला लावली. मग तो हसला, इतका की ठसका लागला, वाढप्यांनी पाणी आणलं.

"मुक्कामी राह्यशील?" डोळे पुसत त्याने विचारलं.

"गुडघ्याचं औषध कोणतं घेतो ते दाखव आधी," मी म्हटलं. "माहेही दुखून राह्यले."