यल्लप्पाची फाइल

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. या सदरातली पत्रंसुद्धा मी हसत हसत वाचायचे. पण एक गोष्ट मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे... म्हणून लिहायला बसले.

चौऱ्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. सोलापुरात एका कापड गिरणीच्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. भवानी पेठेतून चालत जायचे. आमचे हेडक्लार्क बिराजदार — हुशार माणूस, पण मॅनेजरच्या शब्दाबाहेर नाही.

त्या उन्हाळ्यात यल्लप्पा नावाचा कामगार यंत्राच्या पट्ट्यात सापडून गेला. पट्ट्यावरची जाळी महिनाभर तुटलेली होती, जॉबरने — म्हणजे खात्याच्या मुकादमाने — तसं लिहूनही दिलं होतं. बिराजदारांनी तो कागद माझ्यासमोर फाडून टोपलीत टाकला आणि रिपोर्ट सांगितला — 'कामगार दारूच्या नशेत होता.' मी टाइप केला. नोकरी हवी होती...

यल्लप्पाची बायको नरसव्वा दोनदा ऑफिसात आली.

"माझा माणूस दारूला शिवला न्हाय, साहेब. तेवढं खोडा की. दुसरं काय मागत न्हाय."

"कागदावर आहे ते आहे," बिराजदार मान वर न करता म्हणाले.

तिसऱ्यांदा ती आली. दारात उभी राहून त्यांच्या हातांकडे बघत राहिली. मग गेली.

पुढच्या महिन्यात तपासणीला सरकारी अधिकारी आले. सकाळचे अकरा वाजले असतील. कपाटात तीनेकशे कामगारांच्या फायली होत्या. यल्लप्पाची त्यांत नव्हती — आदल्या दिवशीच बिराजदारांनी ती आपल्या खणात ठेवून कुलूप लावलं होतं.

"न बघता कुठलीही एक काढा," अधिकारी म्हणाले.

बिराजदारांनी मधूनच एक ओढली. यल्लप्पाची.

"चुकून लागली, साहेब," म्हणत त्यांनी ती परत कोंबली आणि पार खालच्या कप्प्यातून दुसरी काढली. पुन्हा तीच. अधिकाऱ्यांनी स्वतः उठून सगळे गठ्ठे उलटेपालटे केले. तरी बिराजदारांच्या हाताला तीच. मग त्यांनी मला काढायला सांगितलं. माझ्या हाताला भलत्याच कुणाची तरी आली. बिराजदारांनी चौथ्यांदा हात घातला... यल्लप्पा.

अधिकाऱ्यांनी फाइल उघडली. सगळ्यात वर जॉबरचा कागद होता. अख्खा. सहीसकट.

नंतर बिराजदारांनी किल्लीने खण उघडला. आत काहीच नव्हतं.

दारूचा शेरा रद्द झाला, बिराजदारांची नोकरी गेली. दोनेक वर्षांनी ते मला मोडनिंबच्या स्टँडवर भेटले. म्हणाले, "बाई, मी आता कुठल्याच कपाटात हात घालत नाही. कपडेसुद्धा बायको काढून देते." मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, बरं वाटलं.

त्याच आठवड्यात मी नरसव्वाकडे गेले. ती दारात विड्या वळत बसली होती. तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, "तुम्ही काही केलं होतंत का?"

तिने हातातली विडी पुरी केली.

"व्हय म्हणलं तर तुमी भ्याल, बाई. न्हाय म्हणलं तर खोटं हुईल."

त्या सकाळी काय घडलं, ते मला अजून कळलेलं नाही... आणि ज्या एका बाईला ठाऊक असावं, तिला पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.