वंदनाबाईंच्या गोष्टीचा शेवट

पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनच्या क्वार्टरात हेमराजबरोबर सव्वीस वर्षं संसार केल्यावर वंदनाबाईंना गोष्ट लिहायची उबळ आली. मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात बायकांच्या वाट्याला पाककृती आणि उखाणे. या खेपेला संपादक कृष्णरावांनी कथाही मागवल्या होत्या.

गोष्टीतला नवरा रेल्वेत, गाव डोंगरगड, नावं सगळी वेगळी. तो भरदुपारी ड्यूटीवरून येतो, जेवतो आणि काही न विचारता दाराला कडी लावतो. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर एके दिवशी बायको ती कडी काढते, 'आज मन नाही' म्हणते आणि अंगणात जाऊन बसते. एवढीच गोष्ट. पण ते 'आज मन नाही' लिहायला बाईंना चार महिने लागले.

अंक हाती आला. बाईंनी उभ्याउभ्याच शेवट वाचला. छापलेली बायको कडी काढतच नव्हती. उलट नवऱ्याच्या पाया पडत होती.

त्यांनी कृष्णरावांना फोन लावला. ते गोंधळले. "वहिनी, प्रूफ तं मी हेमराजच्या हाती देल्लं होतं, कॅन्टीनमंदी. दुरुस्त करून त्यानंच आनलं. मले वाटलं, तुमीच केलं."

बायकांचे कागद प्लांटात नवऱ्यांच्या हाती द्यायचे, ही मंडळाची जुनी रीत. कृष्णराव सज्जन माणूस, पण असला सज्जनपणा काय जाळायचाय?

हेमराज पहिल्या पाळीहून अडीचला घरी आले. बाईंनी ताट वाढलं नाही, अंक पुढे ठेवला.

"माह्या गोष्टीले हात कावून लावला?"

"मंग काय करू? सारे वळखतीन ना, का हा मीच हावो म्हणून."

"नाव तुमचं नाही. गाव नाही, नौकरी नाही."

"नाव नसंन. पन मानूस तं मीच हावो."

सव्वीस वर्षं बाईंनी मनाची एकच समजूत घातली होती की बिचाऱ्याला कळत नाही. भट्टीच्या धगीतून थकून येतो, बायकोचं मन त्याला दिसत नाही, मग त्याच्यावर राग तरी काय धरायचा. त्या समजुतीवर त्यांनी सारा संसार रेटला होता. आणि या माणसाने परक्या गावच्या, परक्या नावाच्या नवऱ्यात स्वतःला एका वाचनात ओळखलं होतं.

"म्हंजे तुमाले समजत होतं," त्या म्हणाल्या. "दरवेळी समजत होतं."

हात धुवायला म्हणून हेमराज मोरीकडे गेले आणि नळ चालू ठेवून कितीतरी वेळ तिथेच उभे राहिले.