आईचा धुरा

त्या माणसाने आईला 'दीदी' म्हटलं, तेव्हाच माझं डोकं फिरलं. कुठल्याशा कंपनीचा माणूस, चकचकीत बूट घालून शेतावर आला होता. म्हणे, सगळ्यांची शेतं एक करू, मधले धुरे, म्हणजे बांध, मोडू, त्यात फक्त मटार पेरू. कधी काय करायचं ते समिती ठरवणार. मग आईने काय करायचं? तर स्वतःच्याच शेतात कामाला यायचं! हे तो हसत हसत सांगत होता.

आई म्हणाली, "भैया, मेरे खेत में क्या बोना है, मैं देखूँगी. आप चाय पियो और चलो."

बाबा कारखान्यातून निवृत्त झाले आणि लवकरच गेले. तेव्हापासून शेत आईच करते. शहरातल्या आमच्या कांचघरहून बस पकडते, शेतात पोचली की पदर खोचते. घरात तिचं कधी कोणी ऐकलं नाही. तिथे मात्र तिचाच शब्द चालतो.

आमच्या घरातून त्या समितीत माझा मोठा भाऊ होता. शहरात कमानिया गेटजवळ दुकान चालवतो, मटार फक्त ताटात ओळखतो. त्याने आईला न विचारता तिच्या वतीने होकार देऊन टाकला. लाज कशी वाटली नाही मेल्याला!

आजूबाजूच्या शेतांतल्या बायकाही भडकल्या होत्या. जेसीबी यायच्या आधीच सगळ्यांनी घाईघाईने पेरून टाकलं. कुणी मसूर, कुणी हरभरा, आईने जवस. पेरलेल्या शेतात मशीन घालायची कोणाची छाती होणार नाही, असं त्यांना वाटलं. चुकलंच. जेसीबी थेट पेरणीवरून आला आणि पुढे वाट दाखवत माझा भाऊ.

आई धुऱ्यावर जाऊन बसली.

"आई, ऊठ ना. सगळ्यांचं भलं होऊन राहिलं."

"मग मला काहून नाही विचारलं रे?"

एकेक करत बाकीच्या बायकाही येऊन धुऱ्यावर बसल्या. ड्रायव्हरने मशीन बंद करून बिडी पेटवली. बूटवाला फोन लावत राहिला. मी भावाला तोंडाला येईल ते बोलले, त्याचं मला आजही काही वाटत नाही. आईने मला हाताने थांबवलं.

"भूक लागली असंन तुला," ती त्याला म्हणाली. "घरी ये, जेव. घर तुझं आहे. पण मी जिवंत आहे तोवर या शेतात पाय ठेवू नको."

तो मान खाली घालून निघाला. बाजूने चांगली पायवाट होती. तरी गेला तो आईच्या जवसावरूनच.