पेरूच्या बागेतली दाटी

लग्न होऊन मी शिरूरहून केडगावजवळच्या मळ्यात आले, तेव्हा माझे सासरे नुकतेच रेल्वेतून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी त्यांनी दौंडला मालगाडीचे गार्ड म्हणून काढली होती. मी त्यांना मामंजी म्हणायची. चांगला धिप्पाड माणूस, मिशा पांढऱ्या, आवाज असा की त्यांनी विहिरीवरून हाक मारली तर चुलीपाशी दचकायला व्हायचं. गाडी भरून चालली पाहिजे, हा त्यांचा स्वभावच होऊन गेला होता. मालगाडीची रिकामी वाघीण रुळावरून जाताना दिसली तरी त्यांचा जीव हळहळायचा. घरातही तेच. रांजण काठोकाठ हवा, कणगी गच्च हवी, आणि पाहुण्यानं एक भाकरी मागितली तर ताटात दोन पडायच्या.

घरात मामंजी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, मी आणि माझी नणंद. हे दौंडला लोको शेडमध्ये कामाला होते, शनिवारच्या पॅसेंजरनं यायचे. त्या वर्षी वन्संचं लग्न ठरलं. नाताळ झाला की लगेच लग्न करायचं, असं दोन्हीकडच्यांनी धरलं. पाऊसपाणी बरं झालं होतं, पेरूच्या बागेला बहर होता, आणि मामंजी फार खुशीत होते. एका सकाळी चहा पिता पिता त्यांनी जाहीर केलं, "दौंडची समदी गार्ड-ड्रायव्हर मंडळी लग्नाला येनार. त्यांना आपल्या घरचं कोंबडं खायला घालनार. बाजारचं न्हाई."

आमच्याकडे तेव्हा अंगणात गावठी कोंबड्या मोजून पाच-सहा. त्यांच्यावर दौंडची गार्ड मंडळी काय जेवणार? पण मामंजींनी आधीच चौकशी करून ठेवली होती. जवळच मिशनचं आवार होतं. तिथे कोंबड्यांचं काम बघणाऱ्या एक गोऱ्या बाई होत्या. त्यांच्याकडे मशीनमध्ये अंडी उबवून पांढऱ्या जातीची पिल्लं काढायचे. माद्या अंड्यांसाठी ठेवून घ्यायचे आणि नर कुणी नेईल त्याला देऊन टाकायचे. मामंजी एक डालगं घेऊन निघाले आणि बैलगाडी घेऊन परतले. गाडीत डालगीच डालगी. एकेकात लिंबाएवढे पिवळे गोळे, आणि सगळ्यांचा मिळून असा चिवचिवाट की आत्याबाई कानावर हात ठेवून बाहेर आल्या.

"किती आणलीत ही?"

"व्हती तेवढी आनली. बाई द्यायला तयार, गाडीत जागा रिकामी. मग?"

ती दोनशेच्या वर होती. पहिले काही आठवडे आम्ही त्यांना पडवीत कंदिलाच्या उबेला ठेवलं. मी आणि वन्सं आळीपाळीनं बघायचो. बाजरीचा भरडा, ताक, बारीक चिरलेला लसूणघास असं खाऊ घालायचो. बाईंनी मानमोडीच्या रोगाची लस टोचायला माणूस पाठवला होता, त्यामुळे फार थोडी दगावली. पंख फुटले तसे मामंजींनी बागेला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं, गोठ्याशेजारी एक लांबट खुराडं बांधलं आणि सगळी फौज बागेत सोडली.

पहिल्या महिन्यात त्या बागेसारखी बघायची गोष्ट दुसरी नव्हती. हिरव्या गवतात पांढरी पिसं, वर पेरूची झाडं, आणि दर झाडाखाली चार-सहा कोंबडे पाय मागे टाकत उकरताहेत. येणारा-जाणारा कुंपणाशी थांबायचा. मामंजी त्यांना आत बोलवून दाखवायचे.

मग हळूहळू बाग उजाड होत गेली. आधी खुराड्यापुढचं गवत गेलं, मग गोठ्यापर्यंतचं. जमीन भाजलेल्या पापडासारखी दिसायला लागली. झाडांच्या मुळ्या उघड्या पडल्या. वारा सुटला की धूळ आणि पिसं थेट आमच्या भाताच्या पातेल्यात. कोंबड्यांचं वागणंही बदललं. दिवसभर एकमेकांच्या अंगावर धावायचं, मधूनच एखाद्याच्या शेपटाशी टोच मारायची, जरा रक्त दिसलं की बाकीचे सगळे त्याच्याच मागे. दवाखान्यातून जांभळं औषध आणलं. मामंजी एकेकाला बगलेत धरायचे आणि मी कापसाच्या बोळ्यानं शेपटाला लावायची. आठवड्याभरात निम्म्या कोंबड्यांची शेपटं जांभळी झाली. रविवारी चर्चमध्ये मामंजींनी प्रार्थनेला हात जोडले, तर दहाही बोटं जांभळी. पुढच्या बाकावरची लहान मुलं मागे वळून हसत होती, आणि मामंजीही डोळे मिटल्या मिटल्या हसत होते.

एका रविवारी नमुना म्हणून एक कोंबडा शिजवला. ह्यांनी पहिला घास घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "कोंबडा शिजवलाय का सायकल?"

मामंजी रागावले. पण त्यांनीही तंगडी पुरती संपवली नाही.

त्याच आठवड्यात मिशनच्या बाई सायकलवरून बघायला आल्या. त्यांचं मराठी पुस्तकातून शिकलेलं. कुंपणाशी उतरल्या, टोपी मागे सारली आणि म्हणाल्या, "आपण ह्या कुक्कुटांस फारच दाटीने ठेविले आहे."

"दाटी कसली बाई? अख्खी बाग मोकळी हाय की!" मामंजी म्हणाले.

मलाही ते पटत होतं. बाग खरंच मोठी होती. बाई गेल्यावर मी मुद्दाम पार टोकापर्यंत चालत गेले, विहिरीपलीकडे. आणि बघते तर तिथे गुडघ्याएवढं गवत! एकही पीस पडलेलं नाही. म्हणजे बाग मोठी असून काय उपयोग? दाणा खुराड्यापुढे, पाणी खुराड्यापुढे, सावलीचं मोठं झाडही तिथलंच. सगळे तिथेच गोळा व्हायचे आणि तिथेच भांडायचे. मधल्या उघड्या पट्ट्यात वर घारी फिरायच्या, तो पट्टा ओलांडून जायचं कोंबड्यांना धैर्य होत नव्हतं.

मी मामंजींना हाताला धरून नेलं आणि ते गवत दाखवलं. त्यांनी वाकून मूठभर गवत उपटलं. मग म्हणाले, "म्हंजी गाडी लांबलचक, आन् समदे पाशिंजर इंजिनाला लोंबकाळत्यात."

दुसऱ्या दिवशी आम्ही पाण्याच्या परातींच्या जागा बदलल्या. एक विहिरीपाशी, एक पार टोकाला. मधल्या उघड्या पट्ट्यात तुरीच्या काठ्या रोवून त्यांवर पाचटाची छोटी छपरं केली, म्हणजे कोंबड्यांना आडोशानं पुढे सरकता येईल. बाग मधोमध कुंपण घालून दोन भागांत तोडली. एका भागात चरू द्यायचं, तोवर दुसऱ्यात गवत वाढू द्यायचं. ही युक्ती बाईंचीच. थोडा फरक पडला. पण अर्ध्या बागेत एवढे कोंबडे मावेनात. दोन-चार दिवसांतच तोही भाग खरवडून निघायचा. आत्याबाई म्हणाल्या, "निम्मे देऊन टाका कुणाला तरी." मामंजी ऐकेनात. आलेल्या पाहुण्याला परत कसं पाठवायचं, असा त्यांचा चेहरा.

कोंबड्यांनीच मग आपला मार्ग शोधला. एका सकाळी कुंपणाला भगदाड पडलं होतं आणि बाग अर्धी रिकामी.

आमच्या शेजारचं रान आप्पांचं. आप्पा म्हणजे गावातले मोठे शेतकरी, गळ्यात तुळशीची माळ, मांसमच्छी घरात नावालाही नाही. आमच्याशी वागणं सभ्य, पण बेतास बात. ते बांधावरूनच ओरडत आले, "ओ गार्डसायेब! तुमची पलटन माझ्या रानात शिरलीया!"

मामंजींच्या तोंडचं पाणी पळालं. आम्ही दोघं डालगी घेऊन धावलो. आत्याबाईही काठी घेऊन मागून आल्या. मला वाटलं, आता आप्पांच्या लसूणघासाचं वाटोळं झालेलं बघायला मिळणार. पण कोंबडे घासात नव्हतेच. बाजरी काढून आप्पांनी हरभऱ्यासाठी नांगर धरला होता, आणि नांगराच्या मागे, मातीच्या ताज्या तासात, आमचे जांभळ्या शेपटांचे कोंबडे ओळीनं चालले होते. ढेकूळ उलटलं की त्यातून पांढरी, गुबगुबीत हुमणीची अळी बाहेर पडायची आणि खाली पडायच्या आत कुणाच्या तरी चोचीत जायची. कुणी कुणाला टोचत नव्हतं. भांडायला सवडच नव्हती.

मी एकाला धरायला वाकले तर आप्पा म्हणाले, "र्‍हाऊ द्या, पोरी. धरू नगा."

ते नांगराच्या मुठीवर हात ठेवून बघत उभे होते. मागच्या वर्षी ह्याच हुमणीनं त्यांचा निम्मा भुईमूग मुळासकट खाल्ला होता.

"समदी खात्यात व्हय?" त्यांनी विचारलं.

"एकबी सोडत न्हाईत," मामंजी म्हणाले. आवाजात परत जरब आली होती.

"मग सांजच्यापातूर असू द्या. उद्याच्याला बी धाडा."

उद्या धाडायचं कसं? रोज डालग्यात भरून नेणं आणि संध्याकाळी दोन एकरांत पळत धरून आणणं कुणाच्या बापाला जमलं असतं! मामंजी दुपारभर गोठ्यात ठोकाठोक करत बसले. जुन्या बैलगाडीवर त्यांनी बांबूच्या तट्ट्यांचं खुराडं चढवलं, आत बसायला आडव्या काठ्या, मागे उतरायला फळी. मग कोनाड्यातली आपली गार्डाची शिट्टी काढली. बागेत गाडी उभी करून आत दाणा टाकायचा आणि शिट्टी वाजवायची, असं चार दिवस केलं. पाचव्या दिवशी आप्पांच्या रानात सूर्य कलल्यावर मामंजींनी शिट्टी फुंकली आणि सगळ्या शेतातून पांढरे कोंबडे माना पुढे काढून पळत आले, फळीवरून टपाटपा चढले आणि गाडीत जाऊन बसले. मामंजींनी दार लावलं आणि हात वर केला. त्यांना हिरवं निशाण दाखवल्याशिवाय गाडी हलवताच येत नसावी. आप्पा हसता हसता खाली बसले.

ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. ज्याच्या रानात नांगर, त्याचा निरोप. निम्मे कोंबडे गाडीबरोबर फिरायचे, आज ह्या शिवारात, परवा त्या. उरलेले बागेतल्या दोन भागांत आळीपाळीनं. मामंजी आता रान बघितल्याशिवाय हो म्हणत नसत. बांधावर उभे राहायचे, डोळे बारीक करायचे आणि सांगायचे, "ह्या तुकड्याला निम्मीच गाडी पुरं." यवतच्या एका शेतकऱ्यानं आपल्या रानात सगळे कोंबडे एकदम सोडा म्हणून फार गळ घातली. मामंजींनी साफ नाही म्हटलं. दोनशे पिल्लं एका खेपेला भरून आणणारा हाच का तो माणूस, असं मला वाटलं आणि मी पदराआड हसले.

दिवाळीपर्यंत शेपटांचा जांभळा रंग गेला, नवी पिसं आली. कोंबडे हाताला जड लागायला लागले. बागेत गवत परत आलं आणि पेरू असे धरले की फांद्यांना टेकू द्यावे लागले. पुन्हा एक नमुना शिजवला, तेव्हा ह्यांनी ताट चाटूनपुसून साफ केलं. आणि रश्श्यासाठी वाटी पुन्हा पुढे केली.

लग्न फार झोकात झालं. दौंडची मंडळी सकाळच्या गाडीनं आली, त्यातले कित्येकजण मामंजींबरोबर नोकरी केलेले. मोठ्या हंड्यांत रस्सा रटरटत होता. दौंडच्या रेल्वे कँटीनचे एक म्हातारे खानसामे मुद्दाम आले होते. त्यांनी मांस बोटानं दाबून बघितलं आणि म्हणाले, "ये चला-फिरा हुआ मुर्गा है, साब." मामंजींची छाती इतकी फुगली की कोटाचं बटण ताणलं. पंगतीत मामंजी चवीनं जेवले, कोंबड्याची मान मागून घेतली, रस्सा तीनदा वाढून घेतला.

आप्पा सहकुटुंब आले होते. त्यांच्यासाठी त्यांच्याच घरच्या मंडळींनी आमच्या पडवीत वेगळी चूल मांडून पुरणपोळी केली होती. आप्पांनी जेवण उरकलं, आणि मग मात्र त्यांना पडवीत बसवेना. पंगतीतून फिरत, ज्या वाटीला ते हात लावणार नाहीत तिच्याकडे बोट दाखवून, एकेका गार्डाला सांगत होते, "समदं माझ्या रानात वाढलेलं हाय. हुमनीवर. सावकाश खावा."

मांडवातून निघताना वन्सं रडत होत्या, आत्याबाई रडत होत्या, आणि मामंजी मोठ्यानं नाक शिंकरत सगळ्यांना पेरू वाटत होते.

पुढच्या पावसाळ्यात मिशनच्या बाईंकडून निरोप आला की पिल्लं तयार आहेत. मामंजी निघाले तेवढ्यात आप्पा बांधावरून आले. सोबत त्यांची कारभारीण होती, तिच्या हातात नवंकोरं डालगं.

"आमालाबी थोडी आना," आप्पा म्हणाले. "माद्या आना. राखायला. खायला न्हाई."

"आन् अंडी घातली तर?" मामंजींनी विचारलं.

आप्पांनी कारभारणीकडे बघितलं. ती डालगं पुढे करत म्हणाली, "आमच्यात चालत न्हाई. तुमच्या सूनबाईला लागत्यात की. तिला दिस गेल्यात न्हवं?"

मला दिवस गेले होते हे खरं, पण ते अजून मामंजींना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मग मोठ्यानं हसले, आप्पांच्या पाठीवर थाप मारली आणि त्यांना बळेच गाडीत बसवून मिशनच्या वाटेला लागले. दोघांचं बोलणं वळणापर्यंत ऐकू येत होतं.