खंडेनवमीला चकाकलेले बोल्ट

"एवढं लिहून द्या मॅडम, मिस्त्रीनं पाना जास्त आवळला म्हणून. बाकी मी पाहतो," असं म्हणत आप्पांनी तुटलेले पाच बोल्ट माझ्या टेबलावर ओतले.

आप्पांची उदगीरला डाळमिल. माझी लातूरला मेटल टेस्टिंगची लॅब. बोल्ट रोलरच्या बेअरिंगचे, आणि दसऱ्यानंतर मिल सुरू व्हायच्या आधीच तुटलेले. माधव मिस्त्री मागे उभे. वीस वर्षांची नोकरी माझ्या एका कागदावर जाणार होती. मला त्यांच्याकडे बघवेना.

"न्हाई मॅडम, नेहमीसारखंच आवळलो मी. दुसऱ्या दिशी बघतो तर मोडलेले," ते म्हणाले.

जास्त आवळलेला बोल्ट आधी ताणतो, मधे बारीक होतो आणि पाना हातात असतानाच तुटतो. हे मात्र दुसऱ्या दिवशी बसल्या जागी, चिक्कीसारखे कटकन मोडलेले. वर चकाकत होते नव्या भांड्यासारखे.

"घासले कशानं?"

"खंडेनवमीच्या पूजेला समदं चकाचक पायजे ना. दिवसभर अ‍ॅसिडात ठेवलो. जाळीचे साधे बोल्ट बी ठेवलो, ते साबूत हायत."

तिथंच उलगडा झाला. अ‍ॅसिड लोखंडाला लागलं की हायड्रोजन वायू सुटतो. बराचसा बुडबुड्यांतून जातो, थोडा पोलादात शिरतो. साध्या, मऊ बोल्टला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण डोक्यावर १२.९ लिहिलेला, खास कडक केलेला बोल्ट त्यानं ठिसूळ होतो. आवळून ठेवला की काही तासांनी मोडतो.

"पाण्यासारखं अ‍ॅसिड, अन् त्यानं पोलाद मोडतं?" आप्पा हसले.

मी आप्पांनी सोबत आणलेल्या खोक्यातले दोन कोरे बोल्ट घेतले. एक दिवसभर अ‍ॅसिडात ठेवला, एक तसाच. संध्याकाळी आप्पांनाच पाना दिला. त्यांनी दोन्ही सारखेच आवळले. सकाळी येऊन बघतात तर अ‍ॅसिडातला मोडलेला, दुसरा ठणठणीत.

आप्पा खुर्चीत बसले. "अ‍ॅसिडचा कॅन मीच आणलो होतो," ते हळूच म्हणाले. "हा मिस्त्री तर तेलानं पुसू म्हणत होता."

माधवरावांनी हे दोन दिवसांत एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

"मग कागदावर चूक कुणाची लिहू, आप्पा?"

"बोल्टचीच लिहा की."

शिफारशीच्या रकान्यात मी लिहिलं: अ‍ॅसिडात घातलेले सगळे कडक बोल्ट बदला, मिस्त्री तेच ठेवा. पूजेला तेलाचं फडकं पुरतं.