पूजाचा जबडा आणि माझा इलाज

त्या वर्षी आमच्या घरात एकच जबडा दुखत होता. मी इलाज केला आणि दोन झाले.

दुखणारा जबडा माझ्या लेकीचा, पूजाचा. पोरगी बारावीला. भाकरीचा घास घेतला की कानापाशी 'कट्' वाजायचं आणि तोंड दोन बोटांपलीकडं उघडायचंच नाही.

"लई दुखून राहिलं, बाबा," ती दातांतूनच बोलायची.

"च्युइंगम चघळत असशील!" मी निदान केलं. (मी सेनगावात खतं-बियाणं विकतो. सोयाबीनवरची अळी ओळखता येते, म्हणजे माणसाचंही सगळं कळतं, असा माझा समज!)

"च्युइंगम न्हाई हो. गणितं सोडवताना दात आवळून बसते ती," बायको सुनीता म्हणाली. "हिंगोलीला दातांच्या डॉक्टरीणबाईला दाखवू."

"डॉक्टर काहून? जबड्याला व्यायाम न्हाई म्हणून आखडला. पूजा, इकडं बघ. असं उघडायचं... आऽऽऽ!"

कट्!

या खेपेला मी वाजलो होतो.

"कळलं तिला. मिटा आता," सुनीता म्हणाली.

"इअअ आई!" (म्हणजे 'मिटत नाही'!)

"आई कळमनुरीला गेल्या. त्यांना काहून हाका मारून राहिले?"

लाळ सदऱ्यावर गळायला लागली तेव्हा कुठं तिला खरं वाटलं. पूजा गाल धरून कळवळली, "बाबा, हसवू नका ना! दुखतंय!"

जीपमध्ये मला पुढं बसवलं. माझ्याकडं बघून ड्रायव्हरला जांभया सुरू झाल्या! एक, दोन, तीन...

"वहिनी, भाऊंचं तोंड झाका! न्हाई तर गाडी तुरीत जाईन!"

उरलेला प्रवास मी टॉवेलाखाली केला.

"पेशंट कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. सुनीतानं माझ्याकडं बोट दाखवलं, मी पूजाकडं.

"हिचं उघडत न्हाई, ह्यांचं मिटत न्हाई," सुनीतानं खुलासा केला.

बाईंनी अंगठ्यांना पट्टी गुंडाळली, माझ्या दाढांवर दाब दिला आणि जबडा मागं सरकवला. डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण तोंड मिटलं!

मग पूजा. "सांध्यावर ताण आलाय. मऊ खायचं, शेकायचं, दात आवळायचे नाहीत. अभ्यासाचं टेन्शन आहे का?"

पूजानं खाली बघत सांगितलं, "अभ्यासाचं न्हाई. बाबा तासातासाला येऊन विचारतात, किती धडे झाले म्हणून. पायांचा आवाज आला तरी दात आवळले जातात."

मी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच बाईंनी बोट रोखलं. "तुम्ही पंधरा दिवस तोंड मोठं उघडायचं नाही. बोलायचंही बेतानंच."

मी निमूट पाळलं. पंधरा दिवसांनी तपासायला गेलो, तर पूजाचं तोंड चांगलं तीन बोटं उघडलं! दुखणंही गेलं होतं.

"छान! आता बाबांनीही बोलायला हरकत नाही," बाई म्हणाल्या.

सुनीता घाईघाईनं पुढं झाली. "मॅडम, परीक्षा होईस्तोवर ह्यांचा इलाज चालूच ठेवा की!"